सणसरची दोन तिकिटं

आधी अंदाज करा, मग मी सांगतो. एक बाई बारामतीच्या स्टँडावर इंदापूरच्या यष्टीत चढली. वाटंत सणसर लागतं, तितं तिचा नवरा. पुढं अंथुर्णं लागतं, तितं तिचा भाऊ. बाई कुठं उतरली? ज्याचं उत्तर बरोबर त्याला माझी पानाची चंची. (सुपारी संपलीया, पर चंची अजून चांगली हाय.)

तुमी म्हणाल, ह्यात काय अवघड. महिपतीलाबी सांगता आलं नव्हतं, आन बाई त्याचीच बायको हुती.

महिपती सणसरचा. बापाची दीडशे मेंढरं हुती, ह्याच्याजवळ चार उरली आन तीन एकर ऊस. मेंढरं गेली पर चाल ऱ्हायली. मेंढक्यानं पुढं चालायचं, मागं बघायचं न्हाय. मागं बघितलं की कळप थांबतो. लगीन झाल्यापास्नं तीस वर्सं कळपाच्या जागी गोजरबाई. हा पुढं, खिळं मारलेल्या वहाणा करकर वाजवत, ती पाच पावलं मागं.

साल म्हणाल तर शहाण्णव. गुरुवारचा बारामतीचा बाजार करून महिपती यष्टीत चढला, सणसरला उतरला, घरापातूर चालत आला, आन दारात मागं न बघताच हातातली पिशवी मागं धरली. "धर," म्हणला. धरली, पर कुत्र्यानं. आत सुकं बोंबील हुतं.

गोजरबाईबी बाजाराला गेली हुती, ती तिकडं बारामतीच्या स्टँडावर. ती मागच्या यष्टीनं निघाली, सणसर आलं तवा खिडकीतनं आपल्या गावाकडं बघितलं, आन तशीच भावाकडं अंथुर्ण्याला गेली.

आठ दिस झालं, पंधरा झालं. महिपती आपल्या हातानं भाकरी थापत हुता. (मेंढरांनीबी त्या खाल्ल्या न्हाईत.) सोळाव्या दिशी गोजरबाईच्या भावाची पोरगी, स्वप्नाली, निरोप घेऊन दारात.

"मामा, आत्या म्हणती, शेजारी चालाय शिका, मग येते."

"चालाय काय शिकायचं? पन्नास वर्सं चालतोय."

"पुढं चालताय. शेजारी न्हाय."

पोरगी बारामतीच्या कालेजात जायची, तिच्या ध्यानात एक जागा हुती. इमामचाचाच्या कापडदुकानाच्या माडीवर एक मोठा हाल हाय, तितं त्याच्या पोरानं, हारिसनं, नाचाचा क्लास काढलेला. हारिस बोटीवरच्या हाटेलात नोकरीला हुता, तितनं जोडीनं नाचायचं शिकून आला. गोजरबाईनं अट घातली. गुरुवारी दोघांनी क्लासला जायचं. एक गाणं वाजतंय तंवर महिपतीनं तिला मागं टाकायचं न्हाय, वढायचं न्हाय. जमलं तर ती सणसरचं तिकीट काढणार. न्हाय जमलं तर अंथुर्ण्याचं, आन मग कायमचं.

"आगं पर नाच कशापायी?" महिपती म्हणला.

"तितं मागं चालायची सोयच न्हाय, मामा."

नवशिक्यांसाठी हारिसनं एक कागद छापला हुता. महिपतीचं आन अक्षराचं जमत न्हाय, तवा स्वप्नालीनं वाचला. नखं कापून या. कांदा खाऊन येऊ नका. ("सकाळी खाल्लेला चालंल का?" "न्हाय.") पायात आवाज करणारं काय घालू नका. जोडीदाराचा हात हलका धरा. पायाकडं बघू नका, तोंडाकडं बघा. पाऊल चुकलं तर जोडीदारावर खेकसू नका, हसा आन पुढचं पाऊल घ्या.

हे शेवटचं महिपतीनं दोनदा वाचाय लावलं. त्याला वाटलं, छापताना काय तरी घोळ झालाय.

हात हलका करायची सवय पायजे म्हणून त्यानं एक मेंढी पुढचं पाय धरून उभी केली आन तिच्या तोंडाकडं बघत दोन पावलं टाकली. शेजारचा बिरदेव कुंपणावरनं बघत हुता.

"काय चाललंय, महिपतराव?"

"नख्या बघतोय तिच्या."

"डोळ्यात डोळं घालून?"

महिपतीनं मेंढी सोडली. मेंढी काय बोलली न्हाय, तिनं घरची अब्रू राखली.

गुरुवारी चार वाजता हालात पाच जोड्या. एक बँकेचा सायब आन त्याची मंडळी, बाकी नवी लग्नं झालेली. महिपती पटका बांधून, वहाणा दारात काढून उभा. गोजरबाई नवं लुगडं नेसून भितीला टेकलेली.

"काका, काकूंचा हात धरा आन चला," हारिस म्हणला.

महिपतीनं धरला, पाठ फिरवली आन निघाला. पार खिडकीपातूर गेला. मागं गोजरबाई, हात लांब करून.

"काका, पाठ न्हाय. तोंड काकूंकडं करा."

तोंड केलं. आन महिपती उभा ऱ्हायला. तीस वर्सांत दिवसाउजेडी, चार माणसांत, बायकोच्या तोंडाकडं असं बघितलंच नव्हतं. तिच्या भुवईवर तीळ हाय हे त्याला म्हाईत हुतं. पर तो उजव्या भुवईवर हाय अशी त्याची समजूत. हुता डाव्या. कपाळावरचं केस कवा पांढरं झालं, तेबी ह्याला कुणी कळवलं नव्हतं.

गाणं लागलं. एक पाऊल, दोन पावलं, आन गोजरबाई अडखळली. परत लावलं, परत तेच.

महिपती खेकसणार, तेवढ्यात कागद आठवला. तो हसला. गोजरबाई दचकली आन तिसऱ्यांदा अडखळली.

"काय हुतंय तुला?"

"मला आवाज लागतो," ती हळूच म्हणली. "तुमच्या वहाणांचा. तीस वर्सं त्याच्यावर चालले. गर्दीत मान वर करून बघते कवा मी? कानानं चालते."

"मग बाजारात त्या दिशी काय झालं?"

"त्या दिशी वहाणा घातल्या हुत्या तुमी?"

महिपतीनं आठवलं. "न्हाय. चांभाराकडं शिवायला टाकल्या हुत्या. रबराच्या सपाता हुत्या पायात."

गोजरबाईनं खाली बघितलं. "म्हंजे मी दुसऱ्याच्याच करकरीमागं गेले. गुरांच्या बाजारापातूर. चांगला माणूस हुता. त्यानं मागं वळून तरी इचारलं, बाई, कुठं निघालीस?"

महिपतीच्या काळजाला ते लागलं. तो म्हणला, "माझ्याबी मागं जोडवी वाजत हुती की. यष्टीपातूर."

"कुणाची?"

"बघितलं न्हाय."

"खरं?"

"तिळाची शपथ."

गोजरबाई हसली. पदर तोंडाला लावायला हात मोकळा नव्हता, म्हणून समद्यांना दिसलं.

हारिस शहाणा पोरगा. त्यानं कागदावरचा नेम मोडला आन सवताच वहाणा आणून दिल्या. गाणं लागलं. फरशीवर करकर, करकर, त्यात जोडव्यांची टिकटिक, आन दोघं एकमेकाकडं बघत हालभर फिरली. बँकेचा सायब आपलं पाऊल इसरून बघत ऱ्हायला. खाली दुकानात इमामचाचा कापड मोजायचं सोडून छताकडं बघत बसला. गाणं संपलं. मागं कोण पडलं न्हाय, कुणी कुणाला वढलं न्हाय.

"एक ध्यानात ठेवा, काका," निघताना हारिस म्हणला. "दारातनं जाताना बाईमाणूस आधी."

स्टँडापातूर महिपती शेजारनं चालला. इंदापूरची यष्टी लागली, दाराला ही झुंबड. महिपतीनं गोजरबाईला बाजाराच्या पिशवीसकट आधी चढवली. मग मागं एक म्हातारी हुती, तिला म्हणला, या. मग लेकुरवाळी, मग नर्सबाई, मग काटेवाडीच्या सात बायका. महिपती दारात उभा राहून समद्यांना वाट देतोय. घंटी वाजली, दार लागलं, यष्टी गेली.

आता तो स्टँडावर, आन बाई यष्टीत. मागच्या यष्टीला दीड तास. त्या दीड तासात महिपतीनं एकच इचार केला. सणसर का अंथुर्णं. अट तर पुरी केली, पर बायको चढवून हा परत गायब. परत तेच. ती तरी का उतरंल सणसरला?

सणसरला उतरला तवा पाय उचलंना. वहाणा हातात घेतल्या, गावानं ऐकू नये म्हणून. घरापाशी आला, तर चुलीचा धूर, आन गोजरबाई उंबऱ्यात.

"दारात येऊन पिशवी मागं धरली," ती म्हणली. "धरा म्हणलं. तर कोण न्हाय."

"मागं बघितलं न्हाईस व्हय वाटंत?"

"कशाला बघू? यष्टीत मागं करकर वाजत हुतं. म्हणलं, हायती, गर्दीत आडकलेत."

"यष्टीचं दार आसंल ते."

"आसंल." ती जरा सरकली, उंबऱ्यात त्याला जागा केली. "मी आपली तुमचंबी तिकीट काढून बसले. जागाबी धरली."

तर बाई उतरली सणसरलाच, पर चंची माझ्याजवळच ऱ्हायली, कारण तिनं तिकिटं दोन काढली आन तुमी एकच धरून बसला हुता. सणसरचं तिकीट त्या साली साडेपाच रुपय. महिपतीला पडलं अकराला, एक तिनं काढलेलं, एक त्यानं, आन बायकोच्या शेजारी बसून आली ती पिशवी.