अर्जनवीस नागोराव आणि परमुलखाची माणसं

आमच्या शेजारच्या नागोरावांना वाटीभर साखर हवी असली तरी ते अर्ज करायचे. गंमत म्हणून नव्हे, खराखुरा अर्ज. फुलस्केप कागद, डावीकडे समास, वर मधोमध श्री आणि खाली मजकूर: "मेहेरबान गुरुजी साहेब यांचे सेवेशी. अर्जदार नागोराव, धंदा अर्जनविशी, कारणे अर्ज करतो की, अर्जदाराचे घरी परमुलखातून पाहुणे आले असून साखर संपलेली आहे. तरी एक वाटी साखर मिळण्याची तजवीज व्हावी, ही विनंती." उजव्या कोपऱ्यात तिकिटाची चौकट आखून आत 'माफ' लिहिलेलं. माझी बायको साखर द्यायची आणि अर्ज चुलीत घालायची. दुसऱ्या दिवशी नागोराव तिला भिंतीवरून विचारायचे, "ताई, कालचा अर्ज दप्तरी लावला ना?" ती बिचारी "व्हय व्हय" म्हणून आत पळायची.

हिंगोलीच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली एक टेबल, एक स्टूल आणि एक छत्री, एवढ्यावर या माणसानं तीस वर्षं काढली. त्यांचे वडील निजामाच्या काळात त्याच लिंबाखाली उर्दूतून दरखास्ती लिहायचे. मुलुख बदलला, भाषा बदलली, लिंब तोच राहिला. त्यामुळे कागदावर त्यांची श्रद्धा अशी, की विचारू नका. कुणी रडगाणं सुरू केलं की ते हात वर करायचे. "तोंडी नका सांगू. तोंडी सांगितलेलं हवेत जातं." आणि मग लेखणी झटकत ठरलेलं वाक्य: "दुनियात असं दुःख न्हाई, जे दीड पानात मावत न्हाई!"

गावच्या माणसाकडून ते रोकडा पैसे घ्यायचे, एक रुपया सोडायचे नाहीत. परमुलखाच्या माणसाचा अर्ज मात्र फुकट, वर चहा. मी एकदा म्हणालो, "मामा, हा कुठला न्याय?" तर माझ्यावरच उखडले. "काहून? गावच्या माणसाला मामा असतो, मेव्हणा असतो, पुढारी असतो. परमुलखाच्या माणसाला कोण हाय इथं? एक अर्ज हाय!"

यातूनच त्यांनी समिती काढली. 'परमुलखातील इसम साह्यकारी समिती'. आधी रबरी शिक्का तयार झाला, मग सभासद. मी सचिव आहे हे मला शिक्क्याखालचं माझं नाव वाचून कळलं. तिसरे सभासद करीमचाचा पिंजारी. त्यांचं काम, थंडीत लागतील तेवढ्या गाद्या पुरवणं. "मैंने हाँ कब बोला था?" असं चाचा दर वर्षी विचारायचे आणि दर वर्षी गाद्या हातगाडीवर घालून आणून द्यायचे. सभा माझ्या ओसरीवर व्हायची, चहा माझ्या घरचा, आणि ठरावात मात्र 'अध्यक्षांनी चहापान दिले' असं लिहिलं जायचं!

समितीकडे कोण कोण यायचं म्हणता? बोअरच्या लांबलचक गाडीवरची तमिळ पोरं यायची. भिंग लावूनही न लागणाऱ्या अक्षरातली पत्रं घेऊन नेपाळी गुरखा यायचा. त्याच्या आईला नागोरावांनी मराठीत उत्तर लिहिलं. "मामा, त्या म्हातारीला मराठी कुठलं कळायचं?" म्हणालो, तर म्हणतात, "मजकूर न्हाई कळला तरी अक्षर बघून कळंल तिला, की लेकराजवळ कुणीतरी बसलेलं हाय."

एकदा मात्र समितीची चांगलीच फजिती झाली. भर उन्हात एसटी स्टँडवर नागोरावांना पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेला एक चष्मेवाला माणूस दिसला. सोबत बायको, तिच्या मांडीवर तान्हं लेकरू. माणूस केरळचा. मराठीचा गंध नाही, हिंदी मोडकीतोडकी. "किधर जाना?" विचारलं तर म्हणाला, "बँक." झालं! नागोरावांनी ताडलं, की बिचारा हात पसरायला बँकेत निघालाय. "पहले खाना, फिर बँक," म्हणत त्यांनी ट्रंक उचलली आणि वरात घरी आणली. पिठलं, भाकरी आणि ठेचा. ठेच्याचा पहिला घास पोटात गेला आणि त्या माणसाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. नागोराव त्याची पाठ थोपटत म्हणाले, "रोना नहीं भाऊ, समिती हाय!"

तो नाक पुसेपर्यंत इकडे दीड पान भरून तयार. "सदरहू इसम केरळ प्रांतीचा निराधार असून त्यास एक ट्रंक व एक चष्मा याखेरीज स्थावर-जंगम काहीही नाही. तरी मेहेरबान मॅनेजर साहेबांनी त्याची राहण्याची व दोन वेळच्या जेवणाची सोय करावी." सचिवाची सही पाहिजे म्हणून मलाही शाळेतून ओढून नेलं. बँकेच्या दारात सगळा स्टाफ हार घेऊन उभा! नागोरावांना वाटलं, समितीचा सत्कार. त्यांनी मान खाली केली. हार त्यांच्या डोक्यावरून मागे गेला आणि त्या केरळच्या माणसाच्या गळ्यात पडला. तोच नवा मॅनेजर होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

पण तो माणूस मोठा रसिक निघाला. खुर्चीत बसला, अर्ज मागवून घेतला, क्लार्ककडून हिंदीत वाचून घेतला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "खाना मिल गया. अर्ज मंजूर." बाहेर आल्यावर मी नागोरावांवर तोंड टाकलं. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "गुरुजी, अर्जात चूक काय हाय? मॅनेजर असंल न्हाई तर कलेक्टर असंल. परमुलखात पहिल्या दिवशी समदेच निराधार असतात."

पण समितीचा जीव होता तो स्वेटरवाल्यांत. दिवाळी सरली की कर्नाटकातल्या वसाहतीतून चार तिबेटी कुटुंबं हिंगोलीला यायची. मैदानावर ताडपत्र्यांचे गाळे टाकून संक्रांतीपर्यंत स्वेटर, कानटोप्या विकायची आणि जायची. त्यांच्यातली थोरली डोल्माबाई. लहानपणी आईच्या पाठीवर बसून बर्फाचे डोंगर ओलांडून आलेली. पण बोलणं आमच्यापेक्षा पक्कं हिंगोलीचं. गिऱ्हाइकानं भाव पाडला की म्हणायची, "काहून लुटून राहिले बाबा गरिबाला? बराबर भाव सांगून राहिले मी!" माणसं भाव करायला नव्हे, हे ऐकायला जायची.

नागोराव त्यांच्या वाटेकडे दसऱ्यापासून डोळे लावून बसायचे. मैदानाच्या परवानगीचा अर्ज, ठाण्यातल्या नोंदीचा अर्ज, पाण्याच्या टाकीचा अर्ज, सगळं आधीच तयार. पूर्णेहून येणाऱ्या गाडीला रोज स्टेशनावर चक्कर. नोंदीच्या कागदात 'निर्वासित' असा शब्द होता, तो ते कधी लिहायचे नाहीत. 'पाहुणे, दीर्घ मुदतीचे' असं लिहायचे. "असा रकाना नाही आमच्याकडे," क्लार्क म्हणायचा. "रकाना नसंल तर पट्टी द्या, आखून देतो," हे म्हणायचे.

डोल्माबाई त्यांना भाऊ म्हणायची आणि मीठ-लोणी घातलेला आपला चहा प्यायला लावायची. नागोराव डोळे मिटून, नागनाथाचं नाव घेऊन तो घोट उतरवायचे. एकदा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "गुरुजी, या चहाबद्दल अर्ज कुणाच्या नावे करावा?" पण कप कधी परत केला नाही.

मग हिंगोली जिल्हा झाला. आम्ही पेढे वाटले. गावात साहेब वाढले, साहेबांना कचेऱ्या हव्या झाल्या आणि स्वेटरवाल्यांच्या मैदानावर पाया खणला गेला. चूक कुणाचीच नव्हती, कचेरी काय आभाळात बांधणार? पण चार कुटुंबं गठ्ठे घेऊन स्टेशनावर उतरली, तेव्हा गावात त्यांना हातभर जागा नव्हती. धर्मशाळेत तीन रात्रींची सोय झाली. डोल्माबाईनं स्पष्ट सांगितलं, "भाऊ, थंडी थांबत नाही कुणासाठी. आमचे लोक अकोल्याला आहेत, तिथे जागा देऊन राहिले. परवापर्यंत इथे नाही जमलं, तर आम्ही अकोल्याला जातो. आणि एकदा तिथे बसलो की मग दर वर्षी तिथेच."

नागोरावांचा चेहरा उतरला. त्या दोन दिवसांत त्यांनी अकरा अर्ज लिहिले. या टेबलावरून त्या टेबलावर, या साहेबाकडून त्या साहेबाकडे. सगळीकडे एकच उत्तर: "बघू." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या ओसरीवर येऊन बसले. चहा आणला तर नको म्हणाले. "गुरुजी, गेले म्हणजे गेलेच हो हे," एवढंच बोलले. मला सुचलं तसं बोललो, "मामा, अकोल्याला काय उपाशी मरणार आहेत का ते?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यायचं न्हाई हो म्हणून राहिलो मी," म्हणाले आणि उठून गेले. मला आपलीच लाज वाटली. बायको जाऊन सहा वर्षं झालेला माणूस. दिवाळीनंतरचे ते दोन महिने सोडले, तर त्या घरात बोलायला होतं कोण?

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे. हातात कागद नाही. म्हणाले, "गुरुजी, कुदळ हाय का?"

मी आत जाऊन बायकोला म्हणालो, "ऐकलंस का? मामा तोंडी मागून राहिले!" ती पदर खोचत बाहेर आली. कुदळ घेऊन नागोराव गेले ते सरळ आपल्या प्लॉटवर.

आता हा प्लॉट म्हणजे काय चीज होती, ते सांगायला हवं. त्यांच्या घराला लागून, अगदी रस्त्यावर. त्यांचा प्रकाश पुण्याला शिकायला गेला त्या वर्षी घेतलेला. प्रकाशचं घर व्हायचं होतं तिथं. तारेचं कुंपण, आत गवत आणि बाभळी. शेळी बांधू द्यायचे नाहीत. माझ्या पोरीच्या लग्नात मांडवापुरता मागितला, तर "प्रकाशला विचारावं लागंल," म्हणाले आणि विचारलंच नाही. मला राग आला होता, दोन महिने बोललो नव्हतो. आणि आज हा माणूस पासष्टाव्या वर्षी त्याच प्लॉटवरच्या बाभळी तोडत होता!

मी कुऱ्हाड घेऊन गेलो. करीमचाचा आले, "हाँ तो इस बार भी मैंने नहीं बोला था," म्हणत विळा घेऊन भिडले. धर्मशाळेतून स्वेटरवाले आले. दुपारपर्यंत जागा अशी मोकळी झाली, की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. संध्याकाळी ताडपत्र्या चढल्या. गठ्ठे सुटले. दोऱ्यांवर लाल-हिरवी स्वेटरं लागली आणि पहिलं गिऱ्हाईक भाव करायला लागलं.

घाम पुसता पुसता मी हळूच विचारलं, "मामा, प्रकाशला कळवलं का?"

"त्यानं फ्लॅट घेतला पुण्याला," नागोराव म्हणाले. "उन्हाळ्यातच. वास्तुशांतीची पत्रिका आलती मला. छापील." थोडा वेळ गवताची एक काडी चोळत बसले. "तुमाला सांगितलं न्हाई. म्हणलं, कदाचित मन बदलंल पोराचं."

तेवढ्यात डोल्माबाई स्टोव्ह आणि भांडी घेऊन आली आणि विचारलं, "भाऊ, चूल कुठे मांडू?"

नागोराव उठले. इकडे बघितलं न तिकडे, सरळ चालत आग्नेयेच्या कोपऱ्यात गेले आणि बोट दाखवून म्हणाले, "इथं."

डोल्माबाईनं तिथं जमीन सारवून घेतली. स्टोव्ह बाजूला ठेवला आणि आजच तोडलेल्या बाभळीच्या काटक्या घालून तीन दगडांची चूल पेटवली. ओल्या लाकडाचा धूर ताडपत्रीखालून निघून रस्त्यापर्यंत गेला.

"प्रकाशच्या आईनं दाखवलेली जागा हाय ती," नागोराव मला म्हणाले. "दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी. म्हणली, सैपाकघर इथं करा. सून येईल, लेकरं येतील, इथून धूर निघंल आन् मी माझ्या वट्यावरून बघीन." त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसतही नव्हते. "धूर निघून राहिला हो गुरुजी. मला लय बरं वाटून राहिलं."

"भाऊ, या आत! गरम आहे तोवर या!" डोल्माबाईनं हाक मारली.

तिथं भिंत नव्हती, दार नव्हतं, उंबरा नव्हता. नुसती ताडपत्री एका बाजूनं वर बांधलेली. तरी नागोरावांनी चपला बाहेर काढल्या, टोपी सारखी केली, आणि आपल्याच प्लॉटवर पाहुण्यासारखे वाकून आत गेले.