चाळीस दिवसांचा डाग

स्वयंपाकघराच्या छतावरचा डाग पहिल्या दिवशी बशीएवढा होता. रादोस्तिनाने तो पाहिला आणि खुर्चीवर चढून बोटाने चाचपला, कारण हे छत तिचं होतं. अठरा वर्षं भाड्याच्या घरांत काढली, तेव्हा छत गळलं की मालकाला फोन करायचा आणि आपण तोंड फुगवून बसायचं, एवढंच काम असे. आता प्लेवेन शहरातल्या या आठमजली इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या तिच्या एकटीच्या नावावर होत्या आणि तोंड फुगवायचं तर ते आरशासमोरच फुगवावं लागणार होतं.

खरं तर घर घेतल्यापासून तिला एक दिवस स्वस्थता नव्हती. शाळेच्या कचेरीत ती दिवसभर चारशे पोरांचे दाखले नीट सांभाळायची, पण घरी परतताना जिन्यातच तिचं नाक कामाला लागायचं. गॅसचा वास येतोय का, काही जळलंय का, कुठे ओल आहे का. त्यात जो कोणी दार वाजवी तो वाईट बातमीच घेऊन येई. पहिल्या आठवड्यात लिफ्टची दोरी झिजल्याचं कळलं, दुसऱ्या आठवड्यात गच्ची फुटल्याचं. तिसऱ्या आठवड्यापासून दारावर थाप पडली की ती टीव्हीचा आवाज बंद करायची आणि थाप मारणारा जाईपर्यंत हलायची नाही.

सोफियात राहणारा तिचा थोरला भाऊ ओग्न्यान दर शनिवारी फोन करी. एकट्या बाईला घर झेपत नाही हे त्याचं ठाम मत होतं. हिवाळ्यापर्यंत बघू, नाही जमलं तर घर भाड्याने द्यायचं आणि तू गावी आईजवळ राहायला जायचं, असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. आईच्या घरात रादोस्तिनाला अजून कोंबड्यांनंतर जेवायला मिळत असे. म्हणून डागाबद्दल ती भावाला चकार शब्द बोलली नव्हती.

डाग मात्र वाढत गेला. बशीची थाळी झाली, थाळीची परात झाली आणि मग त्यातून थेंब पडायला लागले. तिने खाली निळा टब ठेवला. शाळेतून येईपर्यंत तो भरून वाहत असे. मग ती लादी पुसायची, कपाटाखाली हात घालून पुसायची, आणि पुसताना वरच्या माणसाला मोजून शिव्या द्यायची.

वरचा माणूस म्हणजे कामेन. बसचा निवृत्त ड्रायव्हर, पाचव्या मजल्यावर एकटाच राहणारा. ती पहिल्यांदा वर गेली तेव्हा आत रेडिओ चालू होता. तिने थाप मारताच तो बंद झाला.

"कामेनकाका, मी खालची. तुमच्याकडून पाणी गळतंय."

आत चपला घासत दारापर्यंत आल्या. मग दाराच्या पलीकडून, अगदी जवळून आवाज आला.

"माझ्याकडे कोरडं आहे."

"एकदा दार तर उघडा. मी बघते."

"कोरडं आहे म्हटलं ना."

रेडिओ पुन्हा सुरू झाला. त्यानंतर ती आणखी दहा वेळा वर गेली. त्यातल्या नऊ वेळा तर तो बोललाही नाही. नळदुरुस्तीवाला एकदा येऊन डागाकडे बघून गेला. वरचं दार उघडेल तेव्हा बोलवा, असं तो म्हणाला आणि जाताना टब मात्र चांगला आहे असं सांगून गेला. ज्या माणसाने तीस वर्षं प्रत्येक थांब्यावर दार उघडलं, त्याला स्वतःच्या घराचं दार उघडता येत नाही, या विचाराने रादोस्तिनाचं डोकं भणाणून जाई.

अडतिसाव्या दिवशी तिचा बांध फुटला. शाळेच्या कचेरीत बसून तिने एक सूचना तयार केली. सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'चाळीस दिवस झाले'. मधोमध डागाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'शनिवारी सकाळी अकरा वाजता सर्वांनी चौथ्या मजल्यावर यावे', आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत कामेनच्या बेजबाबदारपणावर नऊ ओळी. इमारतीच्या दारावर कागदांची गर्दी असते, त्यात आपला उठून दिसावा म्हणून तिने त्याला बोटभर जाड काळी चौकट दिली. शाळेच्या छपाईयंत्रातली शाई संपत आली होती, त्यामुळे फोटो करडा आणि पुसट आला. संध्याकाळी इमारतीच्या दारावरचे जुने कागद वाचायची तसदी न घेता तिने आपला कागद त्यांच्यावर चिकटवला आणि जिना चढून गेली.

आता त्या दारावर काळ्या चौकटीत काय लावतात हे प्लेवेनमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माणूस गेला की त्याचा फोटो, काळी चौकट आणि किती दिवस झाले ते. तीन दिवस, नऊ दिवस, चाळीस दिवस. रादोस्तिना त्याच शहरात जन्मलेली, तिने स्वतःच्या वडिलांचा कागद स्वतःच्या हाताने चिकटवला होता. पण राग आला की माणसाला चौकट तेवढी दिसते, तिचा अर्थ दिसत नाही. त्यात दारातला दिवा ईस्टरपासून गेलेला, म्हणजे बारीक अक्षरं कोणी वाचायचा प्रश्नच नव्हता.

शुक्रवारी सकाळी जिन्यात एका बाईने तिचा हात हातात घेतला आणि देव त्याला क्षमा करो, असं मयतासाठी म्हणतात तसं म्हटलं. रादोस्तिनाला वाटलं, बाई कामेनबद्दल बोलतेय. ती म्हणाली, "देव करेल, मी करायची नाही." बाई दचकून निघून गेली.

शनिवारी अकराला पाच कमी असताना दारावर थाप पडली. आज तिनेच बोलावलं होतं, म्हणून तिने दार उघडलं. बाहेर नऊ माणसं होती, सगळी काळ्या कपड्यांत. एकीच्या हातात साखर आणि अक्रोड पेरलेल्या उकडलेल्या गव्हाचं ताट होतं, एकीच्या हातात पाव, एकाकडे वाइनची बाटली. त्यांनी एका शब्दानेही काही न विचारता बूट काढले, आत आले आणि स्वयंपाकघरात टबाभोवती दाटीवाटीने बसले. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या व्हेनामावशींनी टबाच्या कडेला मेणबत्तीही लावली.

"चेहरा ओळखीचा वाटला गं फोटोत," त्या म्हणाल्या. "दाढी होती ना?"

तेव्हा कुठे रादोस्तिनाच्या डोक्यात उजेड पडला. ती सगळं सांगणारच होती, की हा माणूस नाही, हे माझं छत आहे. पण तेवढ्यात दारातून दहावा पाहुणा आत आला, हातात कार्नेशनची चार फुलं, मेलेल्याला सम संख्येत देतात म्हणून तशी मोजून आणलेली. कामेनकाका. खालच्या डागाची तक्रार आली की तो रेडिओ लावून बसू शकत होता, पण कोणाच्या चाळिसाव्याला गेला नाही असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"वाईट झालं पोरी," तो टोपी काढत म्हणाला. "कोण होता?"

रादोस्तिनाने वर बोट दाखवलं. त्याने स्वर्गाकडे पाहावं तसं वर पाहिलं. डागातला एक टपोरा थेंब बरोबर त्याच्या टकलावर पडला.

त्यानंतर तिने त्याला जे सुनावलं ते ऐकायला गहू खाणाऱ्यांनी चमचे खाली ठेवले. चाळीस दिवस मी मेलेली होते का, अकरा वेळा दार वाजवलं ते काय वाऱ्याने वाजलं, माणूस मेल्यावरच तुमचं दार उघडतं का. कामेन टोपी चुरगाळत उभा राहिला. मग तो वळला आणि खिशातून किल्ली काढून वर चालायला लागला. ती त्याच्या मागोमाग गेली.

वर कपडे धुण्याच्या यंत्राचा नळ भिंतीजवळ टपटपत होता, खाली लादीवर पाण्याचं डबकं साचलेलं आणि डबक्याभोवती त्याने वर्तमानपत्रांची रद्दी रचून ठेवलेली. रादोस्तिनाने मुख्य नळ बंद केला, त्याच्याकडून पाना मागून घेतला, गंजलेली चकती काढली आणि खणातली दुसरी बसवली. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. आपल्याला हे जमतं हे तिला आत्ताच कळत होतं, आणि त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी तिचा राग आणखी चढला.

"दहा मिनिटं, काका. दहा मिनिटांसाठी चाळीस दिवस दार उघडलं नाहीत?"

कामेन खुर्चीवर बसला. "बायको होती तोवर घराचं सगळं ती बघायची," तो म्हणाला. "आता जो येतो तो काहीतरी मोडलंय हेच सांगायला येतो. मला ऐकायलाच नको वाटतं. दार वाजलं की मी हलत नाही."

"लाज वाटायला पाहिजे," रादोस्तिना म्हणाली. "खालच्या माणसाचा जरा तरी विचार?"

ती ताठ मानेने खाली आली. कामेन तिच्या मागोमाग आला. पाहुणे बहुतेक पांगले होते. व्हेनामावशी मात्र टबाजवळ बसून शेवटचा गहू चमच्याने गोळा करत होत्या. रादोस्तिनाने त्यांना जिंकल्याच्या आवाजात सगळी हकीकत सांगितली. दार न उघडणाऱ्या माणसांनी घर घेऊच नये, असंही वर जोडलं.

व्हेनामावशींनी चमचा ताटात ठेवला.

"मग तू का घेतलंस?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"महिना झाला, तुझा हा टब माझ्या छतावर वाहतोय. मी सात वेळा दार वाजवलं. तू टीव्ही बंद करतेस, ते कळतं मला. मग खाली इमारतीच्या दारावर चिठ्ठी लावली. तिच्यावरच तू तुझा हा मेलेला डाग चिकटवलास."

कामेनकाकाने टोपी पुन्हा घातली, जरा तिरकीच, आणि पहिल्यांदाच रादोस्तिनाकडे सरळ नजरेने पाहिलं. लादी पुसताना कपाटाखाली जाणारं पाणी पुढे कुठे जातं, हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता.

"दाखवा," ती शेवटी म्हणाली.

तिघं तिसऱ्या मजल्यावर गेले. व्हेनामावशींच्या स्वयंपाकघराचं छत पाहून रादोस्तिना दारातच थांबली. तिचा डाग परातीएवढा होता, हा अख्ख्या टेबलाएवढा होता. त्याच्याखाली एक पिवळा टब होता, काठोकाठ भरलेला, आणि एका बाजूने पाण्याची बारीक धार लादीवरून भिंतीकडे चालली होती.

"मावशी," कामेनकाका हळूच म्हणाला, "हा टब वाहतोय."

"हो, वाहतो कधीकधी," मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात दारावर थाप पडली. एकदा, मग दोनदा, मग मुठीने. "व्हेनाताई, दुसऱ्या मजल्यावरून आलेय," बाहेरून बाईचा आवाज आला. "तुम्ही घरात आहात, मला माहितीये."

व्हेनामावशींनी ओठांवर बोट ठेवलं. कामेनकाकाने श्वास रोखला. रादोस्तिनाने तोंड उघडलं. चाळीस दिवसांचा संताप तिच्या जिभेच्या टोकावर होता. दार उघडा, असं तिला ओरडायचं होतं, अशी भ्याड माणसं मी पाहिली नाहीत असंही सांगायचं होतं. मग तिची नजर वरच्या टेबलाएवढ्या डागावर गेली, तिथून खालच्या धारेवर, आणि ते पाणी कोणाकोणाच्या घरातून आलंय याचा हिशोब तिच्या मनात लागला. तिने हात लांब केला आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद केला.

त्याच क्षणी तिच्या खिशातला फोन थरथरला. शनिवार होता, ओग्न्यान असणार. तिने पडद्याआड सरकून फोन कानाला लावला. घर कसं आहे, झेपतंय ना, की गावी आईला कळवू, असं त्याने नेहमीसारखं विचारलं. बाहेर दुसऱ्या मजल्यावरची बाई अजून दार बडवत होती.

"काही काळजी करू नकोस, दादा," रादोस्तिना कुजबुजली. "माझ्याकडे कोरडं आहे."