भाऊसाहेबांची अहवालवसुली

तारीख तीस जून. स्थळ: कर्जतच्या आमच्या कॉलेजचं ऑफिस. हजर: प्राचार्य, सगळे विभागप्रमुख, ग्रंथपाल म्हणून मी आणि हेडक्लार्क गायकवाड भाऊसाहेब. गैरहजर: कोणी नाही.

ही हजेरी लावायची सवय भाऊसाहेबांची. चहाला चौघे जमले तरी ते आधी नावं लिहीत, मग कप उचलत.

विभागांचे वार्षिक अहवाल गोळा करणं हे त्यांचं काम. त्याला ते ‘वसुली’ म्हणत. वसुलीला शिपाई धाडणं त्यांना मंजूर नव्हतं; छत्री काखेत मारून स्वतः निघत. इतिहासाच्या देशमुख सरांना त्यांनी न्हाव्याच्या खुर्चीत गाठलं, अर्धी दाढी झालेली असताना. “सर, उठू नका. सहल कुठं गेलती तेवढं सांगा, मी लिवतो.” रसायनशास्त्राचे प्रधान सर मोहोपाड्याला राहायचे. तिथं भाऊसाहेब अख्खा रविवार बसले, वहिनींना पापड लाटू लागले आणि संध्याकाळी चार ओळी घेऊन परतले.

माझ्याकडेही येत. “बाई, फाटलेली पुस्तकं किती, ते ऱ्हायलं.” मग चहा, आमच्या आईचे गुडघे, धाकटीचं गणित. उठताना म्हणत, “चला, कामाचं बोलणं झालं.” कामाचं अक्षरही झालेलं नसे.

त्या वर्षी जुलैअखेर ते निवृत्त होणार होते. म्हातारपणी पायपीट नको, म्हणून त्या तीस जूनला आम्ही सगळे अहवाल टाइप करून, वेळेवर, एकदम त्यांच्या टेबलावर ठेवले. टाळ्या वाजवल्या.

भाऊसाहेबांनी गठ्ठा उलटसुलट पाहिला. “कोनाचंच बाकी नाय?”

“कोणाचंच नाही! आता महिनाभर आराम,” प्राचार्य म्हणाले.

“आराम घरी हायेच की. दुसरं हाय काय तिथं?” त्यांनी छत्री खुंटीला अडकवली. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मी गठ्ठ्यातून माझा अहवाल ओढला. “भाऊसाहेब, हा परत नेते. फाटलेली पुस्तकं मोजायला चुकले.”

“आणि माझी सहल राहिली,” देशमुख सर लगेच म्हणाले.

“वाटलंच मला! तुमी मास्तर लोक आन् वेळेवर?” छत्री पुन्हा काखेत गेली.

त्या वर्षीचा अहवाल विद्यापीठाकडे केव्हाच गेला. निवृत्त होताना नव्या हेडक्लार्कला तो शिवून भाऊसाहेबांनीच दिला. तरी परवाच्या रविवारी दारात हजर.

“बाई, फाटलेली पुस्तकं?”

“मोजायचीत अजून. बसा, चहा टाकते.”

“टाका. पुढल्या रविवारी येतोच मी.”

माझ्या कामांच्या यादीत बाकी सगळ्यावर काट आहे. पुस्तकं मोजायची राहिलीत.