अल्पेशच्या डेस्कटॉपवरचा समुद्र

अल्पेशचा डेस्कटॉप एकदा पाहिला की माणूस पुन्हा स्वतःच्या डेस्कटॉपकडे सरळ नजरेनं बघू शकत नाही, असं एक मत होतं. ते मत अल्पेशचंच होतं. पण ते तो इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, गावात रीतसर मतदान झालेलं असणार.

अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कंपनीत तो कामाला होता. तिथले सगळे कॉम्प्युटर नेहमीच्या प्रणालीऐवजी लिनक्सवर चालायचे, कारण मालकाला फुकट गोष्टी आवडायच्या. बाकीच्यांनी लिनक्स निमूट सोसलं, अल्पेश मात्र त्याच्या प्रेमात पडला. लिनक्समध्ये पडद्यावरचं वाट्टेल ते बदलता येतं हे त्याला कळलं आणि त्या दिवसापासून त्याच्या घरच्या लॅपटॉपला स्वस्थता म्हणून मिळाली नाही. खालची पट्टी वर गेली, वरून डावीकडे गेली, मग दिसेनाशीच झाली. खिडक्यांना गोल कोपरे आले. फोल्डरांना नवी रूपं मिळाली. एकदा तर त्यानं इतकं देखणं काम केलं की लॅपटॉप बंद करायचं बटण कुठे ठेवलंय ते त्यालाच सापडेना. शेवटी बॅटरी संपायची वाट बघत बसावं लागलं. त्याची आई प्रेमा वर्सोव्याच्या बाजारात मासळी विकायची. ती म्हणायची, पोरानं एवढा वेळ आरशासमोर घालवला असता तर एव्हाना घरात सून आली असती.

जगभरच्या असल्या हौशी मंडळींचा इंटरनेटवर एक ग्रुप होता. आपापला डेस्कटॉप सजवायचा, त्याचा फोटो तिथे टाकायचा आणि बाकीच्यांनी वाहवा करायची. त्या ग्रुपचा एक दंडक होता. फोटो टाकला की ज्या फायलींवर सगळी सजावट उभी आहे त्याही द्यायच्या, म्हणजे दुसऱ्याला आपल्या मशीनवर हुबेहूब तसंच करता यावं. नुसता फोटो टाकून मिरवणाऱ्याला तिथे कोणी विचारत नसे. अल्पेशनं बऱ्याचदा फोटो टाकले, फायली दिल्या, पण वाहवा काही मनासारखी होईना. घोडं अडलं होतं मागच्या चित्रापाशी. लोकांकडे बर्फाचे डोंगर होते, जपानातल्या गल्ल्या होत्या. जगात कोणाकडेच नसेल असं चित्र त्याला हवं होतं.

ते त्याला खुद्द वडिलांनी आणून दिलं.

वर्सोवा कोळीवाड्यात त्याच्या बापाच्या, सीताराम तांडेलच्या, जागा प्रसिद्ध होत्या. म्हणजे त्या आहेत हे प्रसिद्ध होतं, कुठे आहेत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. खोल समुद्रात पापलेट कुठे सापडतं याच्या त्या जागा. सीतारामच्या आज्यानं त्या किनाऱ्यावरचा डोंगर आणि देवळाचा कळस यांची रेघ जुळवून डोक्यात ठेवल्या, बापानं त्या सांभाळल्या आणि सीतारामनं बोटीवरच्या जीपीएस मशीनमध्ये घातल्या. घरात सोनं-नाणं फारसं नव्हतं. जे काही होतं ते त्या जागा होत्या. दुसरी बोट जवळ आली की सीताराम मशीनवर आपला टॉवेल टाकायचा. सख्ख्या मेहुण्यानं एकदा गोडीत विचारून पाहिलं, तर सीताराम त्याच्याशी पुढची दोन लग्नं बोलला नाही.

पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, बोटी किनाऱ्यावर ओढून झाकल्या गेल्या आणि सीतारामनं ते मशीन उराशी धरून घरी आणलं. त्याचा पडदा मिटमिटायला लागला होता. मशीन मेलं तर जागाही जातील, या धास्तीनं त्याला झोप लागत नव्हती.

"तुझ्या त्या लॅपटॉपवर उतरवून ठेव," तो अल्पेशला म्हणाला. "आन कोनाला दाखवू नको. आयशीलापन नाय."

प्रेमा तिथेच भाजी चिरत बसली होती. "मना काय करायच्यात तुज्या जागा?" एवढंच म्हणून तिनं मान फिरवली.

अल्पेशनं जागा उतरवल्या, नकाशा उघडला आणि तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला. काळानिळा समुद्र, त्यावर बारीक आडव्या-उभ्या रेषा आणि मधोमध पिवळ्या ठिपक्यांचा पुंजका. तीन पिढ्यांची कमाई डोळ्यांसमोर होती आणि अल्पेशच्या मनात आलं ते एवढंच, की हा पिवळा रंग आपल्या फोल्डरांना किती शोभेल.

तो अगदीच बावळट होता असं नाही. त्यानं काळजी घेतली. बोटीचं नाव काढलं, जागांची नावं काढली, खोलीचे आकडे पुसले. उरला नुसता किनारा, रेषा, रेषांच्या टोकाला मुंगीएवढे अक्षांश-रेखांश आणि ठिपके. ते टोकाचे आकडे त्यानं मुद्दाम ठेवले होते. त्यांच्यामुळे चित्राला भारदस्तपणा येत होता.

ग्रुपवर एकच धमाल उडाली. ब्राझीलच्या एका पोरानं विचारलं, ही कुठली आकाशगंगा? पोलंडच्या एका बाईनं तर लागलीच ती आपल्या मशीनवर चढवली. अल्पेश आठवडाभर जमिनीवर नव्हता. आणि ब्राझीलचा पोरगा काही वर्सोव्यासमोर जाळं टाकायला येणार नव्हता, तेव्हा बिघडलं कुठे? बिघडलं ते मागच्या गल्लीत.

मागच्या गल्लीत चंदर नावाचा दुसरा एक बोटवाला राहायचा. सीतारामची बोट जाते कुठे हे शोधण्यात त्याची उमेदीची वर्षं सरली होती. तो मागोमाग बोट काढायचा, सीताराम मुद्दाम भलत्या दिशेला वळसे घालायचा आणि दोघांचंही डिझेल फुकट जायचं. या चंदरची मुलगी कल्पिता अल्पेशच्याच कंपनीत, वरच्या मजल्यावर होती. कॅन्टीनमध्ये तिनं अल्पेशच्या मोबाइलवर तो फोटो पाहिला आणि म्हणाली, "झकास आहे रे! मला पण दे ना."

आता ग्रुपचा दंडक होताच. शिवाय कल्पिता चहा पिताना कपाकडे न बघता समोरच्याकडे बघायची, हेही होतं. अल्पेशनं सगळ्या फायली दिल्या. चित्र सगळ्यात मोठ्या आकाराचं दिलं, कारण कल्पिताला लहान चित्र देणं त्याला प्रशस्त वाटेना. तिच्या घरच्या लॅपटॉपवर चढवायचं कसं तेही शेजारी बसून शिकवलं. ती कोणाची मुलगी आहे हे त्या वेळी त्याला आठवलं नाही. तिचं आडनाव त्याच्या डोक्यात होतं, पण ते बदलायचं कसं या अंगानं.

नारळी पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ दिला, बोटी पाण्यात उतरल्या. सीताराम पहाटेच निघाला, नेहमीप्रमाणे आधी भलत्या दिशेला. दुसऱ्या दिवशी दुपारी कल्पिता कॅन्टीनमध्ये अल्पेशच्या टेबलापाशी आली. चेहरा खुललेला होता.

"पप्पांना तुझा डेस्कटॉप जाम आवडला," ती म्हणाली.

अल्पेशच्या छातीत बँड वाजायला लागला. होणाऱ्या सासऱ्याला आपली कला कळते, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच. त्यानं नम्रपणे विचारलं, काय आवडलं नेमकं, रंग की अक्षरं?

"ते काय माहीत नाही. खूप वेळ बघत होते. चष्मा लावून बघितलं, मग लवूमामाला बोलावून त्याला दाखवलं. हे सीतारामच्या पोराचं का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं."

"मग?"

"मग मोबाइलवर फोटो काढला आणि गेले ना बोटीवर. आज सकाळीच. मामा पण गेला त्याची बोट घेऊन."

अल्पेश खुर्चीवर बसलेलाच होता, तरी त्याला खाली बसल्यासारखं झालं. कल्पितानं विचारलं, बरं वाटत नाही का. पुढे मेट्रो धरली की रिक्षा, ते त्याला नंतरही आठवलं नाही. साहेबांना न सांगता तो निघाला आणि थेट बंदरावर उभा राहिला, तेव्हा त्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं आणि हातात कॅन्टीनचा चमचा.

बंदर निम्मं रिकामं होतं. जाळी शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की चंदर आणि लवू घाईनं निघाले, ते बघून बाकीच्यांना संशय आला, मग कोणीतरी लवूच्या खलाशाकडून मोबाइलवर एक फोटो मागवला आणि सगळेच सुटले. म्हाताऱ्याच्या मोबाइलवरही तो फोटो आला होता. त्यानं अल्पेशला तो कौतुकानं दाखवला. अल्पेशनं घराघरांत जाऊन वाटला असता तरी इतका पसरला नसता.

घरी येऊन त्यानं लॅपटॉप उघडला. निदान जागा किती जणांना सापडतील, किती वाचतील याचा अंदाज घ्यावा म्हणून मशीनवरून उतरवलेला मूळ नकाशा त्यानं एका बाजूला लावला आणि डेस्कटॉपचं चित्र दुसऱ्या बाजूला. ठिपके जुळत नव्हते. आणि का जुळत नव्हते ते त्याला हळूहळू आठवायला लागलं. डेस्कटॉपवर त्यानं एक मोठं, नाजूक आकड्यांचं घड्याळ ठेवलं होतं. ठिपके नेमके त्या घड्याळाखाली जात होते. तेव्हा त्यानं सगळा पुंजकाच उचलून खाली, डाव्या हाताला सरकवला होता. एकेक सरकवला असता तर चित्राचा तोल गेला असता.

म्हणजे अर्धा कोळीवाडा समुद्रात जिथे गेला होता तिथे सीतारामच्या जागा नव्हत्याच. तिथे काय होतं ते देवाला ठाऊक. खडक असेल, बुडालेलं जहाज असेल. जाळी फाटली तर? आधी बाप घराबाहेर काढणार होता. आता घराबाहेर काढल्यावर उभं राहायला गावही उरणार नव्हतं.

त्यानं कल्पिताला फोन लावला. पप्पांना वायरलेसवर सांग, परत फिरा म्हणावं.

"का? तुझा नकाशा चुकीचा आहे?"

"आधी बरोबर होता," अल्पेश रडवेल्या आवाजात म्हणाला. "मग मी तो सुंदर केला."

पलीकडून कल्पितानं जे काही ऐकवलं त्यात त्याचं नाव एकदाही आलं नाही, पण सगळं त्यालाच उद्देशून होतं. वायरलेसचा उपयोग झाला नाही. परत फिरा असा निरोप ऐकल्यावर चंदरला खात्रीच पटली की जागा खरी आहे आणि सीतारामचं घर घाबरलंय. त्यानं वायरलेसच बंद करून टाकला.

मग अल्पेशनं आईला सगळं सांगितलं. प्रेमा ऐकून घेत होती. रागावली असती तर बरं, असं अल्पेशला वाटलं. ती फक्त म्हणाली, "आज्यापास्नंच्या जागा रं त्या," आणि पदर तोंडाला लावून आत गेली. त्या एका वाक्यानं त्याचं सगळं कौतुक, ब्राझील-पोलंडसकट, मातीत गेलं. ती रात्री जेवण वाढायला बाहेर आली नाही. त्यानंही ताट घेतलं नाही.

बोटी परतल्या त्या सकाळी अल्पेश बंदरावर जायला तयार नव्हता. प्रेमा त्याला हाताला धरून घेऊन गेली, कारण मार खायचाच तर तो सगळ्यांसमोर खावा, म्हणजे पुन्हा पुन्हा खावा लागत नाही, असं तिचं म्हणणं होतं. पुढे चंदरची बोट होती. ती पाण्यात इतकी खाली बसली होती की अल्पेशला वाटलं, फुटलीच. मग खलाशी ओरडताना दिसले, हात वर करून नाचताना दिसले. बोट धक्क्याला लागली आणि टोपल्यांमागून टोपल्या उतरायला लागल्या. पापलेट! ताटाएवढी, चांदीसारखी पापलेटं. मागून लवूची बोट आली, तीही तशीच. मागच्या सगळ्या तशाच. बाजारात टोपल्या ठेवायला जागा उरली नाही, बर्फ कमी पडला. चंदरनं धक्क्यावर उडी मारली, अल्पेशला मिठीत घेऊन उचललं आणि मागे उभ्या असलेल्या कल्पिताला म्हणाला, पोरगा सोन्यासारखा आहे. अल्पेशला हसावं की पळावं ते कळेना, कारण सगळ्यात शेवटी, पाण्यावर अगदी हलकी तरंगत, सीतारामची बोट येत होती.

सीतारामनं मोजक्या टोपल्या उतरवल्या. बर्फ नेला तसाच परत आला होता. धक्क्यावर त्याला काय घडलं ते दहा जणांनी एकाच वेळी सांगितलं. तो सरळ घरी आला, पाय धुतले आणि लॅपटॉपसमोर बसला.

"दाखव."

अल्पेशनं डेस्कटॉप उघडला. सीताराम पडद्याजवळ वाकला. रेषांवरून बोट फिरवत राहिला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग गोंधळला.

"या माज्या जागा नाय," तो म्हणाला.

मग अल्पेशनं सांगितलं. घड्याळ आड येत होतं म्हणून सरकवल्या. बाबा, चुकलं माझं. सगळ्यांना दिल्या ही चूक, आणि धड खऱ्या दिल्या नाहीत ही दुसरी चूक. प्रेमा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

आजा, बाप आणि सीताराम स्वतः, तिघांनी आयुष्यभर जीव टाकलेल्या त्या जागा. यंदा तिथे मासळी नव्हती. आणि जिथे होती ती जागा पोराला घड्याळानं दाखवली होती. त्यानं डोळे पुसले की घाम पुसला ते दोघांनाही कळलं नाही. मग त्यानं दाराबाहेर कोणी ऐकत नाही ना ते बघून घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज एकदम खाली आणला.

"आता ते घड्याल जरा उजवीकडं घेऊन बघ."