एका बशीची निर्यात

देशाची दारं उघडली आणि पाठोपाठ गोपीनाथरावांच्या मिलचं दार बंद झालं. पुढे इंदूरच्या मल्हारगंजातल्या त्यांच्या गल्लीतले नळही बंद पडले. चार दिवसांआड टँकर यायचा, आणि त्यावर गल्लीचं निभत होतं. पण लेक प्राची पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि व्याह्यांनी फार गोड शब्दांत कळवलं होतं की रोज पाणी असेल तरच पाठवू. म्हणून गोपीनाथरावांच्या पत्नी शोभनाबाईंनी रोजच्या टँकरसाठी अर्ज केला.

अर्ज नव्यानेच उघडलेल्या ‘आभासी जल कक्षा’त गेला. तिथले अधिकारी नीरजजी दिल्लीहून प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यांनी समजावलं की माणूस पाणी पितो थोडंच, बाकीचं तो खातो आणि नेसतो. किलोभर गव्हाला दीड हजार लिटर, एका सुती सदऱ्याला अडीच हजार. तेव्हा घरात पाणी आहे की नाही, हे हंडे बघून नव्हे, डबे बघून ठरेल.

पाहणीला ते सकाळी साडेनऊला आले. त्या वेळी दारात आलेल्या माणसाला पोहे न देता पाठवण्याची सोय इंदुरात नाही. शोभनाबाईंनी पोहे दिले, वर मूठभर शेव, चिमूटभर जिरावन मसाला, आणि शेजारून मागून आणलेल्या पाण्याचा चहा. नीरजजींनी पोहे दोनदा घेतले, बोटं पुसली आणि वही काढली.

“काकू, पोहे एकदम बढिया. पण ही निर्यात झाली.”

“अहो, नाश्ता आहे तो.”

“साडेचारशे लिटर पाणी तुम्ही घराबाहेरच्या माणसाला दिलंत. वर आग्रह केलात. टंचाईग्रस्त कुटुंब आग्रह करत नाही.”

अहवालात कुटुंब ‘निर्यातक्षम’ ठरलं.

मग गोपीनाथराव कचेरीत गेले. बत्तीस वर्षं रंगखात्यात होतो, या शहराचं पाणी कापडातून गावोगावी धाडलं, त्याच्या बदल्यात एक टँकर द्या भिया, असं त्यांनी सांगितलं. नीरजजी हेलावले. त्यांनी पुन्हा गणित मांडलं. मिल बंद झाल्यामुळे रंगाईचं जे पाणी वाचलं, ते वाचवणारे कोण? कामगारच. ती लाखो लिटरची बचत गोपीनाथरावांच्या नावे जमा झाली, अभिनंदनाचं पत्र आलं आणि चार दिवसांआडचा टँकरही बंद झाला.

गल्ली सावध झाली. पुढच्या पाहणीला शेजारच्या गंगूबाईंनी शेवेचा डबा गादीखाली सरकवला. पाहुण्याला दारातच ‘जेवून आलात ना?’ असं विचारायची पद्धत पडली. रिकामे डबे बघून नीरजजींचा चेहरा उजळला. गल्लीने वापर इतका घटवला आहे की तिला आता पाण्याची गरजच उरलेली नाही, असा शेरा त्यांनी मारला.

शेवटी शोभनाबाई स्वतः गेल्या. “एवढंच सांगा, आमचं पाणी आहे कुठे?”

“गव्हात, काकू. आपल्या खोऱ्यातलं पाणी पोती भरभरून बाहेर जातंय. मागणीच तेवढी आहे.”

“त्यातलं बाळंतिणीपुरतं परत नाही का येणार?”

नीरजजी माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे प्राचीच्या नावे रोज दोनशे लिटर पाणी मंजूर केलं. अर्थात आभासी.

शोभनाबाईंनी पीसीओवरून लेकीला कळवलं की तिकडेच राहा. प्राचीने एवढंच विचारलं की आई, निदान तू तरी येशील ना? मुलगी झाली. तिला पहिली अंघोळ तिकडच्या बाईने घातली. शोभनाबाई पोचल्या तेव्हा बाळ पुसून, गुंडाळून झोपलं होतं.

आता तुमचं. पुण्या-मुंबईत दुकानदाराला तुम्ही बजावता ना, ‘एमपीचाच गहू द्या, पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते’? राहणारच. शोभनाबाईंच्या नातीच्या न्हाणीचं पाणी आहे त्यात.