जटापाठाची हॉकी

कोल्हारच्या कॉलेजचा हॉकी संघ यंदा कर्जतच्या कॉलेजकडून सात-शून्यनं हरला. आता हे विसरून जा. असं काही झालेलंच नाही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात तशी नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते घडत नाही, हे नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा जे घडलंच नाही, ते कसं घडलं एवढंच सांगतो.

नृसिंहसर कोल्हारच्या कॉलेजात संस्कृत शिकवायचे. म्हणजे शिकवायला तयार असायचे. संस्कृत घेणारी शेवटची विद्यार्थिनी बारा वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेली आणि सरांचं वेळापत्रक कोरं पडलं. रिकामा माणूस दिसला की प्राचार्यांना अस्वस्थ व्हायचं. त्यांनी सरांच्या गळ्यात जिमखाना घातला, आणि जिमखान्याच्या यादीत हॉकी होती.

सरांच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी पळी-पंचपात्राहून जड काही उचललेलं नव्हतं. हॉकी त्यांनी टीव्हीवरसुद्धा बघितली नव्हती. पण फॉर्म भरावा तर सरांनीच. त्यांनी सोळा नावं सुवाच्य अक्षरात लिहिली, सोळा फोटो चिकटवले आणि मुदतीच्या आत पाठवले. जिल्ह्यातून हॉकीला दुसरा फॉर्मच गेला नव्हता. कोल्हार विजेतं ठरलं.

पुढच्या वर्षीही तेच झालं. त्याच्या पुढच्याही. पाचव्या वर्षी सरांना 'अजिंक्य मार्गदर्शक' म्हणून शाल मिळाली. "माझ्या संघानं आजवर एकही गोल खाल्लेला नाही," असं ते भाषणात म्हणाले, आणि ते अक्षरशः खरं होतं. दर वर्षी विजयी संघाचा फोटो निघायचा. कॉलेजात स्टिका दोनच होत्या, त्यामुळे कडेच्या दोघांच्या हातात स्टिक आणि मधल्या चौदा जणांचे हात पाठीमागं.

घरी मात्र सुमेधाताईंना या कीर्तीची सवय होईना.

"तुमची मुलं कधी पळतात तरी का हो?" त्या विचारायच्या.

"पळायची वेळच येऊ देत नाही मी. त्यालाच मार्गदर्शन म्हणतात."

"मग मलाही एकदा दाखवा की काय येतं तुम्हाला ते."

यावर सर वर्तमानपत्र उघडायचे.

यंदा क्रीडा विभागातून राधाकृष्णबाबूंचा फोन आला. "सर, या वर्षी मॅच आहे."

"कसली?"

"हॉकीची. कर्जतचाही फॉर्म आलाय."

सर खाली बसले. ते आधीच बसलेले होते, म्हणून उठले आणि पुन्हा बसले. बारा वर्षांचं नाव एका दुपारी जाणार होतं. या माणसाला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही, हे चारचौघांत आणि मुख्य म्हणजे सुमेधाताईंच्या देखत उघडं पडणार होतं.

त्यांनी आपल्या कप्तानाला, अमृतला बोलावलं. "उद्यापासून सराव."

"कशाला सर? आपण जिंकतोच की दर वर्षी," अमृत म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकात एक टेम्पो थांबला. त्यातून सोळा दणकट पोरं उतरली, सोळा स्टिका उतरल्या आणि शेवटी कर्जतचे कोच मच्छिंद्रसर उतरले. त्यांनी थेट नृसिंहसरांच्या पायाला हात लावला.

"सर, आमी लई नवखे हाय. बारा वरसं न हारलेला मानूस जिल्ह्यात दुसरा न्हाई. मॅचपतुर चार दिस तुमच्या हाताखाली ऱ्हातो. शिकवा आमाला."

"अहो, पण तुम्ही आमच्याच विरुद्ध खेळणार आहात!"

"व्हय, म्हून तर आलो. हारायचंच हाय, तर शिकून हारू."

नाही म्हटलं तर बिंग फुटणार. हो म्हटलं तर शिकवायचं काय? सर मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि घामाघूम होऊन त्यांनी जे येत होतं ते शिकवायला घेतलं. त्यांना जटापाठ येत होता. वडिलांनी लहानपणी पाठीत रट्टे घालून घोटून घेतलेली वेद म्हणायची रीत. पहिला शब्द, दुसरा. मग दुसरा, पहिला. पुन्हा पहिला, दुसरा. ते झालं की दुसरा, तिसरा, तिसरा, दुसरा, दुसरा, तिसरा.

"पहिल्यानं चेंडू दुसऱ्याला द्यायचा," सर म्हणाले. "दुसऱ्यानं पहिल्याला परत. पहिल्यानं पुन्हा दुसऱ्याला. मग दुसऱ्यानं तिसऱ्याला. तोंडानं म्हणत म्हणत. चुकलं की मुळापासून."

"आन् सर, समोरचा आडवा आला तर?" एका पोरानं विचारलं.

"पाठ थांबत नसतो," सर म्हणाले.

मच्छिंद्रसरांनी हे वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. चार दिवस सकाळ-संध्याकाळ पोरं पाठ म्हणत पळत होती. चौथ्या दिवशी ती झोपेतही आकडे बोलत असल्याची तक्रार वसतिगृहाच्या रेक्टरनी केली.

सामना नगरला, नागापूरच्या कारखान्यांमागच्या मैदानावर होता. सुमेधाताई पहिल्या रांगेत डबा घेऊन बसल्या होत्या. शिट्टी वाजली आणि कर्जतकरांनी सुरुवात केली, "एक-दोन! दोन-एक! एक-दोन!" चेंडू पुढं जातोय की मागं, हे कोल्हारच्या पोरांना कळेना. अमृत आडवा गेला तोवर चेंडू मागं गेलेला. तो मागं धावला तोवर चेंडू तिसऱ्याकडं. सहाव्या मिनिटाला पहिला गोल झाला.

बारा वर्षांच्या कारकिर्दीत सरांनी बघितलेला तो पहिला गोल. त्यांना आधी कळलंच नाही, मग अंगावर काटा आला. तिसऱ्या गोलाला ते कोल्हारचा बाक सोडून रेषेवर धावत होते.

"अरे चार-पाच, पाच-चार! गाळलंस! मुळापासून घे!"

"सर, तुम्ही नक्की कुणाचे?" अमृतनं धापा टाकत विचारलं.

"तू आडवा येऊ नकोस!" सर ओरडले.

सात-शून्य. सर मैदानाबाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता, चप्पल एकच उरली होती. सुमेधाताईंनी पाण्याची बाटली पुढं केली. "येतं की हो तुम्हाला," त्या हळूच म्हणाल्या. 'अजिंक्य मार्गदर्शका'ची शाल अंगावर पडली होती, पण सरांना अशी ऊब कधी लागली नव्हती.

सोमवारी राधाकृष्णबाबूंचा फोन आला. "अभिनंदन सर! सलग तेरावं विजेतेपद."

"अहो, सपाटून हरलोय आम्ही!"

"कर्जत बाद झालंय. त्यांच्या सामनापत्रकात मार्गदर्शक म्हणून तुमचंच नाव आहे. एक मार्गदर्शक दोन संघांना चालत नाही. तुम्हाला पुढे चाल."

सरांनी मच्छिंद्रसरांना फोन लावला.

"चुकलं का वो सर? ज्यानं शिकिवलं त्याचंच नाव लिव्हायचं आसतं ना? माजं कसं लिव्हू? मी निसता टेम्पोत बसून आल्तो."

सरांनी पुन्हा राधाकृष्णबाबूंना फोन लावला. "आणि ते सात गोल?"

"बाद संघाचे गोल बाद. सामना झालाच नाही सर."

"अहो, बायकोनं बघितलाय माझ्या!"

"त्याला रकाना नाही."

तेव्हा सरांनी कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला :

"प्रति, मा. क्रीडा संचालक. विषय : पराभव मंजूर होणेबाबत. महोदय, माझ्या मार्गदर्शनाखालील संघाने माझ्या नावावरील संघाचा सात विरुद्ध शून्य असा रीतसर पराभव केला आहे. आजवरच्या तेरा विजेतेपदांत माझे कोणतेही योगदान नसल्याने ती सर्व विद्यापीठजमा करून घ्यावीत, व त्या बदल्यात सदर एक पराभव माझ्या सेवापुस्तकात कायमस्वरूपी नोंदवण्यात यावा, ही नम्र विनंती."