मंत्र्यांचा खांदा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फिंटन मुलहर्न यांनी उकडलेल्या अंड्याचं टोक चमच्यानं फोडलं आणि रेडिओचा आवाज वाढवला. स्थानिक केंद्रावर रोजच्याप्रमाणे परिसरातल्या मृतांची नावं आणि अंत्यविधीच्या वेळा वाचल्या जात होत्या. जिल्ह्याच्या काउंटी कौन्सिलपासून राज्यमंत्रिपदापर्यंतच्या बावीस वर्षांत, घरी असताना ही यादी त्यांनी कधी चुकवली नव्हती. मयताला गेलं की त्या घरची मतं पिढीभर टिकतात, हे त्यांना पक्षाची जुनी कार्यकर्ती डेलिया टॅन्सीनं शिकवलं होतं. पहिल्या निवडणुकीत तिच्या सायकलीमागे सायकल दामटत ते दारोदार हिंडले होते. कुत्री तिला ओळखत, म्हणून यांना चावत नसत.

आज यादीत डेलियाचंच नाव आलं. दोन दिवस ते ब्रसेल्सला होते. कुणी कळवलं नव्हतं. अंत्यविधी अकराला. डोळे पुसण्याच्या नादात चर्चचं नाव मात्र ऐकायचं राहिलं.

गावात दोन चर्च. नव्या चर्चसमोर शववाहिका दिसताच त्यांनी गाडी थांबवली, पहिल्या बाकावरच्या अकरा जणांचे हात हाती घेतले, "तुमच्या दुःखात सहभागी आहे," असं अकरा वेळा म्हटलं आणि मग शवपेटीवरची पाटी वाचली. आत कुणी ह्यूबर्ट लाव्हेल होते.

"साहेब, तुम्ही आलात!" विधवा हुंदका देत म्हणाली. "आयुष्यभर तुम्हाला शिव्या घातल्या हो त्यांनी. आता खांदा द्याल ना?"

नाही कसं म्हणणार? खांदा दिला. मग चहा, हॅम सँडविच, आणि "आमच्या रस्त्याचं काय झालं?" असं विचारणारे तिघे.

जुन्या चर्चच्या दफनभूमीत पोचायला अडीच वाजले. माणसं पांगली होती. डेलियाचा भाऊ मॅट एकटाच कबरीत माती लोटत होता.

"या, मंत्रीमहाराज! इकडे फोटोवाला नाहीये हो."

"मॅट, मी दुसऱ्याच मयताला गेलो रे. खांदासुद्धा दिला."

"कुणाच्या?"

"ह्यूबर्ट लाव्हेलच्या."

मॅट फावड्यावर रेलून खोखो हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले. "त्या म्हाताऱ्यानं डेलियावर दोनदा कुत्रं सोडलं होतं, तुझी पत्रकं वाटताना! तिनं ऐकलं असतं ना, तर उठून बसली असती."

फाटकाशी ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. "साहेब, सहाला राजधानीत, सभागृहात मतदान आहे. आत्ता निघालो तरच पोचू. पक्षाचे दोन फोन येऊन गेले."

मुलहर्न यांनी कबरीकडे पाहिलं. ती अजून अर्धीच भरली होती. मॅट पंचाहत्तरीचा होता.

"त्यांना सांग, येत नाही म्हणावं," ते म्हणाले. कोट काढून त्यांनी शेजारच्या दगडावर ठेवला आणि भिंतीला टेकवलेलं दुसरं फावडं उचललं.